महागडा कोपरा आणि बोली न लागलेली पोरं

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की नंदुरबारच्या चहाच्या टपऱ्यांवर सगळेच संघमालक होतात. मिरची बाजारातला हमाल, आश्रमशाळेतला क्रीडाशिक्षक, मोबाइल दुरुस्तीवाला, एसटीचा वाहक, प्रत्येकाच्या खिशात एकेक संघ तयार असतो. डाव्या कोपऱ्याला कोण, उजव्या कव्हरला कोण, कुणाला राखायचं, कुणाला सोडायचं, यावर तासन्‌तास खल चालतो. चढाईपटूवरून फारसा वाद होत नाही, त्याचे गुण फलकावर सगळ्यांना दिसतात. भांडण होतं ते बचावपटूवरून. त्यानं पाय कधी पुढं टाकला, कधी आवरला, शेजाऱ्याला किती सांभाळलं, हे ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी तोलायचं असतं.

ही भांडणं मला मनापासून आवडतात, आणि मी स्वतः त्यात हिरीरीनं असतो. पण या सगळ्या चर्चेतून एक हिशेब कायम सुटतो. तो आपल्या जिल्ह्याच्या पोरांशी निगडित आहे, म्हणून आज त्यावर लिहितो.

आधी आमच्याकडच्या चाहत्यांची अडचण सांगतो. महाराष्ट्राचे लीगमध्ये दोन संघ, पुणेरी पलटण आणि यू मुंबा. पण नंदुरबारहून पुणे-मुंबईपेक्षा सुरत जवळ. नवापूरचं रेल्वे स्थानक तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. त्यामुळे गुजरात जायंट्सचेही चाहते इथं भरपूर. एकाच घरात थोरला भाऊ पलटणचा, धाकटा गुजरातचा आणि वडील अजून अनुप कुमारच्या आठवणीत यू मुंबाचे, असं चित्र असतं. २०१५मध्ये यू मुंबानं विजेतेपद जिंकलं तेव्हा त्यांच्या संघात फझल अत्राचली नावाचा इराणी बचावपटू होता. इराणी कोपरारक्षकाची मोहिनी पडली ती तेव्हापासून. पुढं २०१८मध्ये याच फझलला यू मुंबानं एक कोटीला घेतलं. परदेशी खेळाडूवर लागलेली ती पहिली कोटीची बोली होती.

दोन दिवसांत परका आपला झाला

आता मूळ मुद्द्याकडं येतो. ७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ इथं आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. शेवटच्या मिनिटांत पवन सेहरावतच्या एका चढाईवरून नियमाचा वाद पेटला. खेळाडू मॅटवर बसून राहिले, पंचांचे निर्णय फिरत राहिले, सामना बराच वेळ थांबला. अखेर भारतानं ३३-२९ असं सुवर्ण जिंकलं. त्या दिवशी इराणी बचावपटूंच्या नावानं आमच्या टपरीवर काय काय बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात मोहम्मदरझा शादलुईचं नाव सर्वांत वर होतं. चढाईपटू जवळ येण्याआधीच झेप घेणारा, पकड जमली की मांडी थोपटून अख्खं स्टेडियम अंगावर घेणारा हा डावा कोपरा.

दोनच दिवसांनी मुंबईत दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणनं याच शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तोवरच्या परदेशी खेळाडूंमध्ये ही सर्वांत मोठी रक्कम होती. शनिवारी ज्याला शिव्या पडल्या तो सोमवारी 'आपला मोहम्मद' झाला. टपरीवर ज्यानं सर्वाधिक तोंड चालवलं होतं त्यानंच पेढे वाटले.

त्या अंतिम सामन्याच्या वेळी एका ओळखीच्या दुकानदारानं मला हसत विचारलं होतं, "चाचा, आज तुम्ही कुणीकडनं?" असे प्रश्न आपल्यापैकी अनेकांना सवयीचे आहेत. क्रिकेटमध्ये एका देशाच्या नावानं विचारले जातात, कबड्डीत दुसऱ्या. मी म्हटलं, "भाऊ, भारताकडनं अस्लम इनामदार खेळतोय, आपल्या नगर जिल्ह्याचा. मी त्याच्याकडनं." तो ओशाळला आणि चहा मागवला. खरी गंमत पुढं झाली. अस्लम आणि मोहम्मदरझा त्या दिवशी आमनेसामने होते आणि डिसेंबरमध्ये एकाच जर्सीत उभे राहिले. अस्लम कर्णधार, मोहम्मदरझा त्याच्या हाताखालचा बचावपटू. पुण्याच्या पोरांनी दोघांची नावं सारख्याच घशानं घेतली. आपलं-परकं ठरवायला नाव पुरेसं नसतं, हे वर्षानुवर्षांच्या भाषणांपेक्षा लिलावातल्या एका बोलीनं अधिक सोपं करून दाखवलं. अर्थात बोली संपली की आपलेपणही संपतं, हेही लगेच पुढच्या वर्षी दिसलं.

परदेशी खेळाडू कशाला हवेत, असं म्हणणारेही आमच्यात आहेत. त्यांना मी नाशिककडं बोट दाखवतो. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचे दोन्ही संघ इराणकडून हरले, पुरुष उपांत्य फेरीत १८-२७ आणि महिला अंतिम सामन्यात २४-२७. इराणच्या त्या विजेत्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच राज्यातल्या बाईंनी इराणच्या मुलींना घडवलं आणि इराणचा गडी आपला कोपरा राखायला आला. खेळाची देवाणघेवाण अशीच होते. कुस्तीचा देश आहे तो. घोट्यावर झेप घेणं, कंबर आवळणं, अंगाचा भार समोरच्यावर टाकणं त्यांच्या रक्तात आहे. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला?

२ कोटी ३५ लाख आले कुठून?

आता तो सुटलेला हिशेब. दहाव्या हंगामात एका संघाला खेळाडूंवर खर्च करायची मर्यादा ५ कोटी रुपये होती. त्यातले २ कोटी ३५ लाख, म्हणजे शंभरातले सत्तेचाळीस रुपये, पलटणनं एकट्या डाव्या कोपऱ्यावर लावले. संघात खेळाडू किमान अठरा लागतात. मग उरलेल्या पैशांत बाकी संघ उभा कसा राहिला?

त्याचं उत्तर त्या संघाच्या यादीतच होतं. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन. यातल्या कुणावरही त्या वर्षी बोली लागली नव्हती. हे सगळे लिलावाआधीच राखलेले होते. यांतले बरेच जण अगदी कोवळ्या वयात युवा खेळाडूंच्या योजनेतून आलेले. लहानपणी वडिलांचं छत्र हरपलेला नगर जिल्ह्यातला अस्लम, नाशिकजवळच्या आडगावचा आकाश. अशी पोरं खुल्या बाजारात आली असती तर त्यांना किती मिळालं असतं, याचा अंदाज कबड्डी बघणाऱ्या कुणालाही येईल. पण ती बाजारात आलीच नाहीत, आणि म्हणून शादलुई परवडला.

साध्या भाषेत सांगायचं तर महागडा बचावपटू स्वस्त पोरांच्या जिवावर आला. मालकानं खिशातून जादा काही काढलं नाही. मर्यादा तेवढीच होती, एकाचं ताट वाढलं ते दुसऱ्यांच्या ताटातून. यात बेकायदेशीर काही नाही, आणि संघव्यवस्थापनाची हुशारी म्हणून मी त्याला दादही देतो. माझं म्हणणं एवढंच की टपरीवर आपण २ कोटी ३५ लाखांचा आकडा तोंडपाठ म्हणतो आणि उरलेल्यांना त्या वर्षी काय मिळालं ते एकालाही सांगता येत नाही.

बरं, खेळाचं काय झालं? शादलुई त्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला, त्याबद्दल दुमत नाही. पण कबड्डीत कोपरा एकटा काही करू शकत नाही. तो घोट्यावर झेपावला आणि शेजारच्या कव्हरनं वाट बंद केली नाही, तर चढाईपटू त्याला घेऊन मध्यरेषेपर्यंत घसटत जातो आणि एकाच्या जागी दोन गडी बाद होतात. शादलुई वेळेआधी झेप घेऊ शकत होता, कारण शेजारी संकेत उभा होता आणि समोरच्या बाजूला अबिनेश आणि गौरव जागा सोडत नव्हते. साहस एकाचं आणि भरपाई तिघांची, असा तो बचाव होता. १ मार्च २०२४ला हैदराबादला पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. तो सामना फिरवला पंकज मोहितेनं, एकाच चढाईत चार गुण घेऊन. आणि हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला अस्लम.

सोडलं ते बरोबर की चूक?

पुढच्या हंगामाआधी पलटणनं शादलुईला सोडलं. त्या दिवशी आमच्या टपरीवर सुतक होतं. "येडा शेतस का त्या?" असं एक आबा अहिराणीत कडाडले, आणि बहुतेकांचं मत तेच होतं. करंडक जिंकून देणारा कोपरा कुणी सोडतं का? हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं आणि त्याच हंगामात, २९ डिसेंबर २०२४ला, पुण्याच्या बालेवाडीत हरियाणा विजेता झाला. पलटण बाद फेरीतही पोचली नाही. आबांचा शब्द खरा ठरला.

तरीही माझं मत असं की पलटणचा निर्णय चुकीचा नव्हता. विजेत्या संघातल्या पोरांना राखायचं तर त्यांना वाढवून द्यावंच लागणार होतं. पाच कोटींच्या पेटीत एक तर शादलुई मावला असता नाहीतर ती पोरं. त्यांनी पोरं ठेवली. त्या वर्षी अस्लम दुखापतीनं बाहेर गेला, घडी विस्कटली. पण २०२५च्या हंगामात, शादलुई २ कोटी २३ लाखांवर गुजरातकडं गेलेला असताना, हीच पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती. दबंग दिल्लीनं त्यांना अवघ्या तीन गुणांनी, ३१-२८ असं हरवलं. आणि दिल्लीच्या कोपऱ्यात कोण होता? तोच फझल अत्राचली, जो २०२२च्या अंतिम सामन्यात पुण्याचा कर्णधार होता आणि तेव्हा हरला होता.

म्हणजे अनुभवी इराणी कोपऱ्याचं मोल आहेच, ते मी नाकारत नाही. तीन वर्षांत तीन वेगळ्या संघांनी करंडक जिंकला आणि तिन्ही वेळी बचावात एक इराणी गडी होता. पण चार वर्षांत तीनदा अंतिम फेरी गाठणारा संघ एकच आहे, आणि त्यानं पोरं घडवण्यावर पैसा आणि वेळ लावला आहे. करंडक एखाद्या वर्षी विकत घेतलेल्या खांद्यावर येऊ शकतो. दरवर्षी दारापर्यंत पोचायचं तर घरची पोरं लागतात.

आपला डावा कोपरा कुठं आहे?

मग घरची पोरं येतात कुठून? हा प्रश्न आला की टपरीवरची चर्चा थंडावते.

१ जुलै १९९८ला धुळ्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा. तालुके सहा, नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. दर दहा माणसांमागे सुमारे सात आदिवासी. कबड्डीसाठी लागतं ते सगळं या मातीत आहे. सातपुड्याच्या चढउतारांवर वाढलेल्या पोरांचे पाय बघा. श्वास बघा. धडगावच्या एखाद्या आश्रमशाळेच्या मैदानावर संध्याकाळी अर्धा तास उभं राहा, घोट्याची पकड न शिकवता येणारी चार पोरं तरी दिसतील. हा खेळ महागही नाही. ना बॅट, ना पॅड, ना बूट. बुवा साळवींसारख्या माणसांनी हुतूतूचा कबड्डी करून तो गावोगाव नेला तो याच बळावर.

पण दिवाळी झाली की या पोरांचं घर कुलूपबंद होतं. आईबाप ऊसतोडीला निघतात, कुणी गुजरातेत, कुणी राज्यातल्या कारखान्यांवर. पोरं सोबत जातात. मोठा असेल तर कोयता घेतो, लहान असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत परत येत नाहीत. दहावा हंगाम आठवा, २ डिसेंबर ते १ मार्च. आपण टपरीवर शादलुईच्या प्रत्येक झेपेवर ओरडत होतो, नेमके ते तीन महिने आपल्या जिल्ह्याचा डावा कोपरा उसाच्या फडात मोळ्या बांधत होता. सरावात खंड, शाळेत खंड, आणि तालुक्याच्या संघात त्याची जागा दुसऱ्यानं घेतलेली. असं दोन वर्षं झालं की सोळा-सतरा वर्षांचं पोरगं खेळ सोडून देतं. एका क्रीडाशिक्षकानं मला सांगितलं होतं, "सर, मी संघ जूनमध्ये बांधतो आणि नोव्हेंबरमध्ये तो उचलला जातो." लिलावाशिवाय.

आपल्या मोहल्ल्यांची तऱ्हा वेगळी, पण शेवट तोच. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या वस्त्यांत अंगानं दणकट पोरं आहेत. दहावीच्या आसपास ती गॅरेजमध्ये, फळांच्या गाडीवर, सुरतच्या कारखान्यांत जातात. खेळ म्हणजे रात्रीचा टेनिस बॉलचा क्रिकेट सामना, बक्षीस एक चषक आणि कोंबडी. अस्लम भारताकडून खेळला याचा अभिमान आपण स्टेटस ठेवून व्यक्त केला. त्या अभिमानातून एका तरी मोहल्ल्यात संध्याकाळचा सराव सुरू झाला का, हे प्रत्येकानं आपापल्या चौकात बघावं. भिल्ल, पावरा, मावची पोरं आणि आपली पोरं एका मैदानावर आली तर जिल्ह्याचा संघ किती भरभक्कम होईल, याचा विचार करून माझं मन हरखतं. कबड्डीची साखळी धरताना शेजाऱ्याचा हात हातात घ्यावाच लागतो. तिथं जात-धर्म विचारायला वेळ नसतो, चढाई तीस सेकंदांची असते.

मुलींबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्यासाठी कोटींची लीग नाही, लिलाव नाही. शैलजाबाई घडल्या त्या याच राज्यात, तेव्हा घडवणारी माणसं आपल्याकडं नाहीत असंही म्हणता येत नाही.

चाहत्यांनी करायचं काय?

सरकारनं काय करावं याची यादी लांब होईल. दोनच गोष्टी सांगतो, दोन्ही नव्या नाहीत. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना राज्यात आहेच. खेळणाऱ्या पोरांची नावं ऑक्टोबरमध्येच शाळेनं त्या वसतिगृहासाठी द्यावीत, सोबत पोटभर आहार आणि एक प्रशिक्षक असावा. दुसरं, प्रत्येक तालुक्याला एक मॅट आणि ते उघडं ठेवणारा माणूस असावा. मातीवर वाढलेल्या पोराचा पाय मॅटवर वेगळा पडतो, हे निवड चाचणीच्या दिवशी कळून उपयोग नसतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि उसाच्या फडात प्रमाणपत्र मिळत नाही.

बाकी काम आपलं. जिल्ह्यात गणपती, ईद, नवरात्र आणि होळीच्या निमित्तानं ज्या कबड्डी स्पर्धा होतात, त्यांच्या वर्गणीचा मोठा भाग पाहुण्यांच्या सत्कारात आणि डीजेत जातो. त्यातला चौथा हिस्सा चार पोरांच्या वर्षभराच्या दूध-अंड्यांवर गेला तर काय बिघडेल? एका पोराला दिवाळीनंतर गावात ठेवायला त्याच्या घराला किती लागतात, ते त्याच्या आईला विचारा. शादलुईच्या एका पकडीच्या हिशेबापेक्षा ती रक्कम लहान असेल. त्याला ठेवून घेणं, हीच आपल्या जिल्ह्यापुरती खेळाडू राखण्याची पद्धत आहे.

पुढचा लिलाव येईल. नवा कोणीतरी कोपरा कोटीत विकला जाईल, आपण पुन्हा टपरीवर बसू आणि पुन्हा भांडू. जरूर भांडू. फक्त या वेळी संघाची यादी कागदावर मांडताना शेवटच्या ओळीत आपल्या तालुक्यातल्या एका पोराचं नाव लिहा. त्याचं गाव, त्याची जागा, डावा कोपरा की उजवं कव्हर, आणि दिवाळीनंतर तो कुठं असणार आहे, हेही. ते नाव सुचलं नाही, तर ते शोधायला धडगावची बस सकाळी नंदुरबारच्या स्थानकातूनच सुटते.